स्टेअरिंगला प्ले आलाय? तो स्क्रू कसण्याआधी हे वाचा

मुंबईत पंधरा-वीस वर्षं राबलेल्या गाडीचा शेवटचा मुक्काम बऱ्याचदा कोकणात असतो. विकायला काढली तर हाती फारसं लागत नाही आणि मोडीत घालायला जीव होत नाही. मग 'गावी राहू दे, बाजाराला जायला होईल' असं म्हणून तिची रवानगी होते. इथे ती शेडमध्ये उभी असते, गणपतीत आणि शिमग्यात धावते, मे महिन्यात पाहुण्यांना समुद्रावर नेऊन आणते. अशा गाड्यांची एक तक्रार ठरलेली: स्टेअरिंग ढिलं झालंय. मेकॅनिकच्या भाषेत, स्टेअरिंगला प्ले आलाय.

त्यावरचा सल्लाही ठरलेला. 'रॅकवर एक स्क्रू असतो, तो जरा कसून घे.' (रॅक म्हणजे चाकं वळवणारी दातेरी पट्टी, ती पुढे येईलच.) असा स्क्रू असतो हे खरं. तो कसल्यावर स्टेअरिंग लगेच घट्ट लागतं हेही खरं. घोळ तिथेच होतो. प्ले बहुतेक वेळा भलत्याच सांध्यात असतो, आणि स्क्रू कसला की हाताला तो जाणवेनासा होतो. झिजलेला सांधा मात्र झिजलेलाच राहतो आणि पुढे झिजत जातो. तेव्हा आधी दोषी सांधा शोधायचा. हे शोधकाम घरच्या घरी, दोन माणसांत, फुकटात होतं. दुरुस्तीतलंही थोडं घरी जमतं. कुठलं जमतं आणि कुठलं नाही ते पुढे येईलच.

या लेखात स्टेअरिंग म्हणजे हातातलं, आणि चाक म्हणजे रस्त्यावरचं.

विहिरीवर दोर ओढताना आधी त्यातला ढील संपतो आणि मगच कळशी हलते. स्टेअरिंगचा प्ले म्हणजे नेमका तोच ढील. हात फिरतो, पण काही अंतरापर्यंत चाकाला त्याची खबर नसते. थोडा प्ले नव्या गाडीतही असतो. तो मोजायचा कसा? गाडी सपाट जागी उभी करा, चाकं सरळ ठेवा. पॉवर स्टेअरिंग नसेल तर इंजिन बंदच असू दे, फक्त चावी एक घर फिरवून स्टेअरिंग लॉक सोडवा. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू करूनच मोजा, कारण अशा गाड्यांत स्टेअरिंगच्या दांड्याला जोडलेली एक पीळ खाणारी सळी असते. इंजिन बंद असताना ती थोडी वळते आणि नसलेला प्ले दाखवते. आता स्टेअरिंगच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावा, समोर डॅशबोर्डवर पट्टी धरा, आणि दोन बोटांनी स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे हलवा. चाक हलायला लागतं तिथे थांबा. दोन्ही टोकांमधलं अंतर म्हणजे प्ले.

छोट्या गाड्यांत साधारण ३० मिमीपर्यंत चालतं असं धरा, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात बघा. ३० मिमी ऐकायला किरकोळ वाटतं. पण ३८० मिमी व्यासाच्या स्टेअरिंगवर ते सुमारे ९ अंश होतात. स्टेअरिंग १८ अंश फिरल्यावर चाक १ अंश वळतं असं धरलं, तर या ९ अंशांचा चाकाशी अर्धा अंश झाला. अर्ध्या अंशाने वाकडी धावणारी गाडी १०० मीटरमध्ये सुमारे ८७ सेंटीमीटर बाजूला जाते. आता सागरी महामार्गावरचं एखादं वळण आठवा. समोरून एसटी येते, आपण डावी चाकं डांबराखाली साइडपट्टीवर उतरवतो. प्ले ६०-७० मिमीवर गेलेला असेल, तर त्या क्षणी गाडी कुठे जायची ते साइडपट्टीचे खड्डे ठरवतात.

सांधा शोधायच्या आधी एक खातरजमा करा. सगळीच बेशिस्त म्हणजे प्ले नव्हे. गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल तर टायरमधली हवा, अलाइनमेंट किंवा गंजून अडकलेला ब्रेक कॅलिपर बघायचा. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हा शेवटचा प्रकार नेहमीचा. ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग. आणि गाडी पोहल्यासारखी वाटत असेल तर हवा भरून बघा. चारही टायरमध्ये २० पाउंड हवा असताना स्टेअरिंगला दोष देण्यात अर्थ नाही.

हातापासून चाकापर्यंत

मारुती ८००, ओम्नी, अल्टो, झेन, सँट्रो, इंडिका या सगळ्या रॅकवाल्या गाड्या. स्टेअरिंगचा दांडा, म्हणजे कॉलम, खाली एका किंवा दोन युनिव्हर्सल जॉइंटमधून, म्हणजे कोनातही फिरणाऱ्या सांध्यांमधून जातो आणि पिनियन नावाच्या छोट्या दातेरी दांड्याला जोडला जातो. पिनियन फिरलं की आडवी दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, डावीकडे-उजवीकडे सरकते. रॅकच्या दोन्ही टोकांना एकेक गोटीचा सांधा असतो, त्याला रॅक एंड म्हणतात. तो घड्या-घड्यांच्या रबरी बुटाच्या आत लपलेला असतो. तिथून निघालेली सळी चाकाजवळ दुसऱ्या गोटीच्या सांध्याला मिळते. तो टायरॉड एंड. तोच शेवटी चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी तुकड्याला, ढकलतो किंवा ओढतो.

मोजलंत तर हातापासून चाकापर्यंत पाच-सहा सांधे झाले. प्रत्येकात अर्धा मिमी ढील आला, तरी स्टेअरिंगच्या कडेवर त्याची बेरीज मोठी दिसते. शिवाय चाक स्वतः ज्यावर उभं आहे ते व्हील बेअरिंग, खालचा बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश सैल असतील, तर स्टेअरिंगची साखळी ठणठणीत असूनही गाडी डुलते.

जिप्सी, जुनी सुमो, महिंद्रची जुनी जीप, प्रीमियर पद्मिनी यांच्यात रॅक नसतो, स्टेअरिंग बॉक्स असतो. त्यांचा विचार वेगळा करू.

एक हलवतो, एक बघतो

ही तपासणी चारही चाकं जमिनीवर असतानाच करायची. गाडीचं वजन चाकांवर असलं की टायर वळायला विरोध करतो, आणि जिथे ढील आहे तिथेच हालचाल दिसते. गाडी उचललीत तर चाक सहज वळतं आणि सांध्यातला ढील लपून जातो.

एकजण स्टेअरिंगवर बसतो आणि छोट्या टप्प्यात डावी-उजवीकडे हलवत राहतो. पूर्ण वळवायचं नाही. ढील संपून चाकाला जेमतेम धक्का लागेल इतकंच. दुसरा वरून सुरुवात करून एकेक सांध्यावर हात ठेवत खाली येतो. हात असा ठेवायचा की अर्धा पंजा सांध्याच्या या बाजूला आणि अर्धा त्या बाजूला. दोन्ही बाजू एकत्र हलल्या तर सांधा ठीक. एक बाजू आधी हलली आणि दुसरी मागून टक् करून आली, तर तो सापडला. डोळ्यांपेक्षा बोटांना हे आधी कळतं. बोटं नकल आणि रिमच्या फटीत मात्र घालू नका.

मुंबईहून आलेल्या चुलतभावाच्या अल्टोवर मालवणात आम्ही हेच केलं. स्टेअरिंगवर पुतण्या. 'काका, हालवू काय?' 'हालय, पण हळू. झटको देव नको.' वरचा युनिव्हर्सल जॉइंट घट्ट, खालचा घट्ट, रॅक जागेवर. डाव्या टायरॉड एंडवर हात गेला आणि बोटांखाली सरळ टक्-टक् लागलं: सळी पुढेमागे होत होती आणि नकल जागचा हलत नव्हता. खाली वाकून बघितलं तर सांध्याचं रबर एका बाजूने फाटलेलं, आणि आतून ग्रीसऐवजी विटेच्या रंगाचा लगदा बाहेर आलेला. तो सांधा काढून हातात घेतला तेव्हा त्याचा स्टड, म्हणजे गोटीतून बाहेर आलेला दांडा, नुसत्या बोटाने इकडून तिकडे पडत होता. नव्या सांध्याचा स्टड हाताने हलवायला जोर लागतो. दुकानात नवीन पार्ट घेताना हीच परीक्षा करावी. जो आधीच सैल पडतो तो परत द्यावा, मग डबा कितीही ओळखीचा असो.

कोकणातल्या गाड्यांत हे इतकं का होतं, त्याची कारणं या मातीत आणि हवेत आहेत. जांभ्याची धूळ बारीक असते आणि फाटलेल्या रबरातून आत जाते. ग्रीसमध्ये मिसळली की ती वंगण राहत नाही, गोटी घासून काढते. त्यावर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पाणी आत शिरलं की उरलेलं ग्रीस गेलं आणि गंज आला. किनाऱ्याजवळची खारी हवा नट-बोल्टांना आणि बुटाच्या क्लिपांना खाते. आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली की ग्रीस एका जागी बसतं, सुकतं. म्हणजे ही गाडी किलोमीटरने कमी झिजते, ऋतूंनी जास्त.

कुठे सापडलं त्यावर उपाय

टायरॉड एंड हा सगळ्यांत नेहमीचा गुन्हेगार आणि बदलायला सगळ्यांत सोपा. छोट्या गाडीला काही शे रुपयांत मिळतो. एक गेला असेल तर दुसराही त्याच वयाचा आहे, म्हणून मी जोडीने बदलावा या मताचा आहे. काहीजण एकच बदलतात. त्यातही चूक नाही, दुसरा तपासून घट्ट निघाला असेल तर.

रॅक एंड बुटाच्या आत असल्याने दिसत नाही, पण बूट मऊ असतो. बुटावरून सांधा चिमटीत धरा आणि वरचीच हलवाहलवी करा. बुटात पाणी खळाळत असेल, तर आत काय असणार ते उघडायच्या आधीच समजलं. रॅक एंड घरी बदलता येतो, पण तो रॅकवर चांगलाच आवळलेला असतो. खोलताना रॅक दुसऱ्या पान्याने धरून ठेवला नाही तर सगळा जोर पिनियनच्या दातांवर येतो. हात बसलेला नसेल तर हे काम गॅरेजला द्या.

रॅकच्या दोन जागा लोक बघतच नाहीत. पहिली, रॅक ज्या क्लॅम्पांनी बॉडीला बसवलेला असतो ते. त्यांचे रबर कुजले किंवा बोल्ट सैल झाले, की स्टेअरिंग फिरवताना रॅक सरकण्याऐवजी अख्खा रॅकच बाजूला जातो. बोल्ट आवळून किंवा रबर बदलून हा प्ले किरकोळ खर्चात जातो. दुसरी, रॅकचा बुश. आपल्या उजव्या हाताच्या गाड्यांत पिनियन उजवीकडे असतं, म्हणून रॅकच्या डाव्या टोकाला आधार द्यायला नळीत एक बुश असतो. तो झिजला की डावीकडचा रॅक वर-खाली हलतो आणि खराब रस्त्यावर पायाखाली खडखड ऐकू येते. ऐकणाऱ्याला वाटतं शॉकअप गेले. ते बदलूनही आवाज तसाच राहतो.

युनिव्हर्सल जॉइंटमध्ये ढील असेल तर आधी त्याच्या क्लॅम्पचा बोल्ट बघा. जिथे दातेरी दांडा क्लॅम्पमध्ये बसतो तिथला बोल्ट सैल पडला, की प्ले तर येतोच, पण दात झिजून एक दिवस स्टेअरिंग हातात आणि गाडी मोकळी, अशी पाळी येऊ शकते. हा बोल्ट आवळला आणि प्ले गेला तर नशीब चांगलं. मात्र तो आधी पूर्ण काढून दात बघा. खुद्द क्रॉसच, म्हणजे जॉइंटच्या मधला फुलीसारखा तुकडाच, झिजला असेल तर जॉइंट बदलायचा. त्यावर वेल्डिंग मारून देणारे भेटतात. त्यांना नमस्कार करून परत यावं. युनिव्हर्सल जॉइंट वेल्ड केला तर तो वळणार कसा, आणि तापवलेलं पोलाद पुढे कधी तडकेल ते कोण सांगणार? तीच गोष्ट टायरॉडची: त्याची गोटीची वाटी हातोडीने ठोकून चेपायची, आत पत्रा किंवा ट्यूबचा तुकडा कोंबायचा. हे जुगाड गावापासून घाटापर्यंत टिकतात आणि घाटात सुटतात.

इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगच्या काही गाड्यांत मोटरजवळ एक छोटं रबरी कपलिंग असतं. ते झिजलं की उभ्या गाडीत स्टेअरिंग हलवताना टक्-टक् वाजतं. पार्ट फुटकळ आहे, पण तिथवर पोचायला कॉलम काढावा लागतो आणि जवळपास एअरबॅगची वायर असते. घरी हात घालू नका.

आता गाडी उचलून करायची तपासणी. चाक ९ आणि ३ च्या जागी धरून हलवलं आणि ढील लागला, तर तो टायरॉड किंवा रॅककडचा. १२ आणि ६ च्या जागी धरून हलवलं आणि ढील लागला, तर व्हील बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. या दोघांतला कोण, ते ठरवायला गाडीतल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढील गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. बेअरिंग बहुतेक छोट्या गाड्यांत प्रेसवर दाबून बसवावं लागतं, म्हणजे गॅरेज. बॉल जॉइंटमध्ये ढील असेल तर गाडी गॅरेजपर्यंतही जपून न्या. तो निसटला तर चाक आडवं पडतं.

त्या स्क्रूविषयी

रॅकच्या पाठीमागे, पिनियनच्या समोर एक स्प्रिंग आणि ठोकळा असतो. तो रॅकला पिनियनवर दाबून ठेवतो. दाब किती, ते त्या स्क्रूने ठरतं. बाकी सगळे सांधे तपासून घट्ट निघाले, तरीही प्ले आहे आणि पिनियनला हात लावल्यावर रॅक उशिरा सरकतो असं दिसलं, तरच या स्क्रूची पाळी.

गाडी आयुष्यातली बहुतेक वर्षं सरळ चालते. त्यामुळे रॅकचे दात मधोमध जास्त झिजतात आणि टोकांना जवळजवळ नवे राहतात. तुम्ही मधला ढील शून्य होईपर्यंत स्क्रू कसलात, की टोकांकडे दात एकमेकांत रुततात. मग वळणावर स्टेअरिंग जड होतं आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ येत नाही. आंबोलीच्या किंवा करूळच्या घाटात एकामागून एक वळणं येतात. तिथे परत न येणारं स्टेअरिंग ढिल्या स्टेअरिंगपेक्षा वाईट.

म्हणून: स्क्रूला जागेवर धरणारा लॉक नट सोडा, स्क्रूवर आणि रॅकच्या पेटीवर रंगाची एक रेघ मारा म्हणजे मूळ जागा हरवणार नाही. मग एका फेऱ्याच्या आठव्या भागाइतकाच कसा. लॉक नट आवळा, पुढची दोन्ही चाकं उचलून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कुठेही अडकता कामा नये. मोकळ्या रस्त्यावर सावकाश वळण घेऊन स्टेअरिंग सैल धरा. ते स्वतःहून परत यायला हवं. नाही आलं तर स्क्रू मागे घ्या. दोनदा कसूनही मधला प्ले जात नसेल तर रॅकच संपला आहे, स्क्रू त्याला वाचवणार नाही.

बॉक्सवाल्या गाड्यांतही असाच एक स्क्रू बॉक्सच्या झाकणावर असतो आणि नियमही तोच: चाकं सरळ ठेवून, थोडा-थोडा. पण त्याआधी बॉक्सपासून चाकांपर्यंतचे दांडे, म्हणजे ड्रॉप आर्म आणि ड्रॅग लिंक, टायरॉडचे सगळे गोटीचे सांधे आणि पद्मिनीसारख्या गाडीत आयडलर आर्म बघा. बॉक्स चॅसिसला ज्या बोल्टांनी धरलेला असतो तेही बघा. जुन्या जीपमध्ये ते सैल निघणं नेहमीचं, आणि कधी कधी बोल्टाजवळची चॅसिसच तडकलेली असते. या सांध्यांना ग्रीस निपल असतील तर जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत ग्रीस गन मारा. जिप्सीत आणि जीपमध्ये खड्ड्यानंतर स्टेअरिंग जोरजोरात थरथरायला लागलं, तर संशय किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिच्या, बेअरिंगवर घ्यावा. तिथलं काम शिमच्या, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्यांच्या, मापाचं आहे, जाणकाराकडेच करावं.

टायरॉड एंड घरी बदलायचा तर

खळ्यात जॅक लावताना त्याच्या खाली जाड फळी घाला, नाहीतर वजन आलं की तो सारवलेल्या जमिनीत रुततो. मागच्या चाकांना पुढून-मागून चिरा लावायला हरकत नाही. पण गाडी चिऱ्यावर टेकवू नका. जांभा दिसतो दणकट, पण एका टोकावर वजन आलं की न सांगता भुगा होतो. लोखंडी घोडीच हवी. काढलेलं चाकही गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक सटकला तर गाडी त्याच्यावर टेकेल.

आदल्या संध्याकाळी नट आणि आटे तारेच्या ब्रशने घासून गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. खाऱ्या हवेतल्या गाडीत या एका कामाने निम्मी मारामारी वाचते. सकाळी गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल करा, मग उचला, घोडी लावा, चाक काढा.

सळी आणि टायरॉड एंड यांच्यामध्ये लॉक नट असतो. तो पाव फेरा सोडा, आणि तो होता त्या जागी आट्यांवर रंगाने खूण करा. मग स्टडच्या खाचांच्या नटातली स्प्लिट पिन काढा. गंजली असेल तर तुटते, तुटू दे. ती परत वापरायची नाहीच. नट सोडा, पण शेवटचे दोन-तीन आटे अडकवून ठेवा. आता स्टड नकलच्या निमुळत्या भोकात बसलेला असतो आणि तो ओढून निघत नाही. पुलर असेल तर उत्तम. नसेल तर नकलच्या कानाला एका बाजूने जड हातोडी टेकवून धरा आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्या हातोडीने ठोका. भोक क्षणभर दबतं आणि स्टड टक् करून सुटतो. स्टडच्या टोकावर ठोकू नका. आटे चेपतात आणि मग नटही निघत नाही. गॅसने तापवायचंही नाही.

जुना एंड सळीवरून फिरवून काढताना फेरे मोजा. नवा तेवढेच फेरे चढवा, म्हणजे लॉक नट रंगाच्या खुणेला येऊन मिळेल. स्टड भोकात घालून नट आवळताना स्टडही सोबत फिरत असेल, तर खालून छोट्या जॅकने सांधा हलका दाबून धरा, निमुळता भाग पकडतो. छोट्या गाड्यांत हा नट साधारण ३५ ते ४५ न्यूटन-मीटरला आवळतात. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. पिनचं भोक नटाच्या खाचेसमोर आलं नाही, तर पुढच्या खाचेपर्यंत आवळा. मागे सोडून जुळवायचं नाही. नवी पिन घाला, दोन्ही पाय वाकवा, लॉक नट आवळा. चाक लावा, गाडी खाली घ्या, आणि मगच चाकाचे नट शेवटचे आवळा.

आता अलाइनमेंट. फेरे कितीही नीट मोजलेत तरी टो, म्हणजे पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, थोडा बदलतोच, कारण नव्या एंडची लांबी जुन्याशी केसभर जुळतेच असं नाही. गॅरेजपर्यंत जायच्या आधी घरच्या घरी अंदाज घेता येतो. पुढच्या दोन्ही टायरच्या मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर, मधोमध खडूने खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. गाडी हळूच पुढे ढकला, खुणा पुढच्या बाजूला त्याच उंचीवर आल्या की पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक २-३ मिमीच्या आत असेल तर कणकवली किंवा कुडाळपर्यंत सावकाश जायला हरकत नाही. फरक बोटभर असेल तर आधी लॉक नट सोडून सळी थोडी फिरवा. अलाइनमेंट झाल्यावर स्टेअरिंग वाकडं राहिलं, तर ते काढून सरळ बसवून देणाऱ्याला थांबवा. दोन्हीकडच्या सळ्या समान करूनच ते सरळ यायला हवं.

पहिले शंभरेक किलोमीटर झाले की नट आणि पिन पुन्हा एकदा बघा, आणि पट्टी धरून प्ले पुन्हा मोजा. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी आरटीओत नव्याने करून घ्यावी लागते. तिथल्या तपासणीतही स्टेअरिंग हलवून बघतात, त्यामुळे हा आकडा आपल्याला आधीच माहीत असलेला बरा.

या तपासणीला सगळ्यांत चांगला काळ आगोटीच्या कामांचा. घर शाकारून, लाकडं भरून होतात तेव्हाच अर्धा तास गाडीखाली घालवावा: जमीन कोरडी असते आणि फाटलेलं रबर पावसाआधी बदलता येतं. सांधा अजून घट्ट असेल आणि नुसता रबरी बूट फाटला असेल, तर काही गाड्यांना सुटा बूट मिळतो. आतलं ग्रीस पुसून नवं भरायचं आणि बूट बदलायचा. समुद्राच्या वाळूवर गाडी नेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, पण पाण्याचा जोरदार फवारा बुटांच्या तोंडावर मारू नका, पाणी आत जातं. रॅकच्या बुटाची क्लिप गंजून तुटलेली दिसली तर प्लास्टिकची केबल टाय चालते. काथ्याची दोरी बांधू नका. ती ओली राहते आणि बूट तिथेच कापला जातो.